प्रेमकथा सुचत नाही, म्हणजे नेमकं काय होतं?

"मॅडम, मला एक हलकीफुलकी प्रेमकथा लिहायचीय. चांगली दोनशे पानांची कादंबरी. पण सुचतच नाही हो काही. आणि सुचणार तरी कुठून? आमचं लग्न कांदेपोह्यांचं. प्रेमबीम काही घडलंच नाही."

अशी तक्रार घेऊन थेट कुणी समुपदेशकाकडे येत नाही. या बाईही झोप लागत नाही, घरात चिडचिड होते म्हणून आल्या होत्या. कादंबरीचा विषय उठता उठता निघाला. तालुक्याच्या गावी पतसंस्थेच्या काउंटरवर नोकरी, वय चाळिशीच्या पुढे. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे; ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा शिकायला पुण्याला गेल्यावर त्यांनी हौसेने जाडजूड वही आणली होती. पहिल्या पानावर फक्त कादंबरीचं नाव होतं, तेही दोनदा खोडलेलं.

'सुचत नाही' ऐकलं की मी आधी एक गोष्ट तपासते. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, सतत उदास वाटत असेल, भूक आणि झोप बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला हवं. इथे झोपेची तक्रार होती, पण बाकी तसं काही नव्हतं. जुन्या नाटकांचा विषय निघाला की बाई रंगून जात.

मग मी विचारलं, "वही उघडून बसलात की मनात पहिलं काय येतं?"

बराच वेळ गप्प बसून त्या म्हणाल्या, "जाऊबाई म्हणतील, या वयात हिला हे काय सुचतंय! आणि ह्यांना वाटेल, हा हीरो कोण?"

माझ्या मते बहुतेक जणींचं घोडं इथेच अडतं. खुनाची गोष्ट लिहिणाऱ्याला 'तू कुणाला मारलंस?' असं कुणी विचारत नाही. बाईने प्रेमकथा लिहिली की मात्र ती तिचीच असणार, असं सर्रास धरलं जातं. याचा मला मनापासून राग येतो. त्या धास्तीने नायक-नायिका जरा जवळ आले की लिहिणारीच त्यांना घाईघाईने लांब करते. मग प्रेम कुठलं आणि गंमत तरी कुठली!

आम्ही विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीने, म्हणजे भीतीमागचा अविवेकी विचार शोधून तो तपासत, काम केलं. ती पद्धत मांडणारे अल्बर्ट एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला विलक्षण घाबरत. १९व्या वर्षी त्यांनी ठरवलं, न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर एकटी बसलेली मुलगी दिसली की जाऊन बोलायचंच. महिनाभरात ते शंभर जणींशी बोलले. भेटायला यायचं एकीनेच कबूल केलं आणि तीही आली नाही. पण भीती गेली. कुणी नाही म्हटलं, कुणी नावं ठेवली, तरी आभाळ कोसळत नाही, एवढं मला सांगायचं होतं. बाईंचं लक्ष भलतीकडेच.

"ती आली नाही कशावरून? दुसऱ्या फाटकाशी उभी असेल! हा इकडे वाट बघतोय, ती तिकडे. दोघंही चिडून घरी."

"हे कुठून सुचलं?" मी विचारलं. त्या चपापल्याच. तिथे न्यूयॉर्कमध्ये ना जाऊबाई होत्या, ना कुणी हीरोची चौकशी करणार होतं.

राहिला 'मूड लागला की लिहीन' हा मुद्दा. रॉबर्ट बॉइस या मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली प्राध्यापकांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना मनात येईल तेव्हाच लिहायला सांगितलं. काहींना रोज लिहिणं सक्तीचं होतं. चुकवलं तर स्वतःला न आवडणाऱ्या संस्थेला पैसे द्यावे लागणार. सक्तीवाल्यांनी जास्त लिहिलं हे ओघानेच आलं, पण नव्या कल्पनाही त्यांनाच जास्त सुचल्या.

आम्ही ठरवलं, संध्याकाळी कुकर लावला की वीस मिनिटं बसायचं. आठवणी उकरायच्या नाहीत. रोज एकच प्रसंग लिहायचा: दोन माणसांना कामासाठी भेटावंच लागतं आणि दोघांनाही खरं बोलायचं ते बोलता येत नाही.

पुढच्या भेटीत त्यांनी वाचून दाखवलं. पतसंस्थेचा पिग्मी एजंट, पन्नाशीचा विधुर. ब्लाउज शिवणाऱ्या एका बाईंकडे रोज शंभर रुपये घ्यायला जातो. बाई मुद्दाम दहा-दहाच्या नोटा देतात, मोजायला वेळ लागावा म्हणून. तो दोनदा मोजतो. मशीनमधून पावती निघते, पावतीवर शिल्लक वाढत जाते आणि दोघांच्या पोटात गोळा येतो, कारण वर्षाची मुदत संपली की याला दारात यायला निमित्त उरणार नाही. पिग्मी ही ठेव १९२८ पासून, दोन आणे रोज अशी कर्नाटक किनारपट्टीवर सुरू झाली आणि पुढे आपल्या गावोगावच्या पेठांत पोचली. तिच्यात अशी गोष्ट दडलेली असेल, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"पण मला कोट्या जमत नाहीत," हे होतंच. त्यांची गरजही नाही. देवलांच्या 'संशयकल्लोळ'मध्ये, १९१६च्या नाटकात, एक तसबीर भलत्या हाती पडते आणि दोन जोडप्यांची झोप उडते. हसू पेचातून येतं, आणि पात्रांना तो पेच खराखुरा वाटावा लागतो.

एक गोष्ट मात्र मी बजावून सांगितली. खातेदारांची माहिती गोपनीय असते. काउंटरवर दिसलेलं माणूस जसंच्या तसं उचलायचं नाही. गाव, धंदा, घरची माणसं, सगळं बदलायचं. त्यांना ते लगेच पटलं.

शेवटचा गृहपाठ अवघड होता: जाऊबाईंना स्वतःहून सांगायचं. चहा गाळता गाळता त्यांनी सांगून टाकलं, "मी प्रेमाची कादंबरी लिहितेय." जाऊबाई म्हणाल्या, "त्यात सासू आहे का? मग माझ्याकडे पुष्कळ आहे सांगण्यासारखं." मिस्टरांनी पहिलं प्रकरण वाचलं आणि एजंटाची लुना काढून स्प्लेंडर द्यायला सांगितली. सगळ्यांच्या घरी असं होत नाही. काहींना खोचक बोलणं ऐकावं लागतं, तेव्हा आम्ही तेवढं सोसण्याची तयारी करतो आणि लिहिणं चालू ठेवतो.

सध्या कादंबरी मध्यावर अडली आहे. शिवणकामवाल्या बाईंचा भाऊ मुदतीआधीच खातं बंद करायला आलाय आणि एजंटाला ते थांबवायला कारण सापडत नाही. झोपेची तक्रार मिटल्यामुळे आमच्या भेटी थांबल्या आहेत. कुकरची वीस मिनिटं तेवढी चालू आहेत.