टाइप रेटिंगचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी थांबवा

कोल्हापूरचे एक वाचक लिहितात: "वय 54. गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत सुपरवायझर आहे, हाती 90 हजार येतात, घरखर्च 45 हजार. मुलानं 200 तास उड्डाण पूर्ण करून सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) मिळवलं. त्यासाठी घर तारण ठेवून 35 लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलं, व्याज 11 टक्के. हप्ता पाच महिन्यांनी सुरू होईल. विमान कंपन्या कमी तासांच्या मुलांना थेट घेत नाहीत. एजंट म्हणतो, 18 लाख भरून ए320 चं टाइप रेटिंग (त्याच प्रकारचं विमान उडवण्याचं प्रशिक्षण आणि परवानगी) करा, नोकरी नक्की. पीएफमध्ये 22 लाख आहेत, त्यातून काढू का? कर्जाच्या सुरक्षेसाठी बँकेनं मुलाच्या नावे वर्षाला 3 लाखांची पॉलिसी दिली आहे, दोन हप्ते भरलेत."

तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी आधी त्याचाच हिशेब मांडला.

35 लाखांवर 11 टक्क्यांनी वर्षाला पावणेचार लाखांहून जास्त व्याज होतं. हप्ता सुरू होण्याआधीच्या सवलतीच्या काळात तुम्ही ते भरलं नसेल, तर ते मुद्दलात चढत गेलं असणार. रक्कम टप्प्याटप्प्यानं उचलली असेल असं धरलं तरी आज बाकी 42 लाखांच्या आसपास असणार. त्याच दोन वर्षांत 6 लाख पॉलिसीत गेले. अशा पॉलिसीतून वीस वर्षांनी पाच-साडेपाच टक्के सुटतात. 11 टक्क्यांचं कर्ज डोक्यावर असताना पाच टक्क्यांसाठी पैसे अडकवायला लावले, ही सरळ फसवी विक्री आहे. ते 6 लाख व्याजापोटी भरले असते तर दहा वर्षांचा मासिक हप्ता 58 हजारांऐवजी 50 हजारांच्या आत बसला असता.

आणि सुरक्षा कोणाची? विमा मुलाच्या जिवाचा आहे, कर्जाचा हप्ता भरणार तुम्ही. तुम्हाला काही झालं तर पॉलिसी काहीही देणार नाही आणि घर बँकेकडे तारण राहील. वैमानिकाचा खरा धोका तर वेगळाच असतो: क्लास 1 मेडिकल, म्हणजे उडण्यासाठी लागणारं आरोग्य प्रमाणपत्र, जाणं. एक फिट आली, तरी उडणं थांबू शकतं. त्यावरही ही पॉलिसी गप्प. कर्जासोबत पॉलिसी घ्यावीच लागते असा नियम नाही.

पॉलिसीचा तिसरा हप्ता भरू नका. विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा: आज सोडली तर सरेंडर मूल्य किती, आणि पेडअप ठेवली (म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच चालू ठेवली) तर मुदतीला किती. सहापैकी तीनच लाख परत आले तरी मला सरेंडर बरं वाटतं, कारण ते मुद्दलात टाकले की 11 टक्के वाचतात. स्वतःच्या नावे 50 लाखांचा शुद्ध टर्म विमा घ्या. या वयात वर्षाला 40 ते 50 हजार पडतील, बीपी-शुगर असेल तर जास्त. अर्जात काही लपवू नका.

आता घरचं गणित. घरखर्च 45, हप्ता 58, पॉलिसी महिन्याला 25. एकूण 1 लाख 28 हजार, हातात 90. पॉलिसी थांबली तरी 13 हजार कमी पडतात, टर्म विम्याचे चार वेगळे. बँकेकडे परतफेड 15 वर्षांची करून मागा. तीन लाख मुद्दलात गेले तर हप्ता 44-45 हजारांवर येतो. तरीही महिन्याला तीन-चार हजार कमी पडतात, आणि 58 व्या वर्षी तुमचा पगार थांबेल. म्हणून पीएफला हात लावायचा नाही. त्यातले 18 लाख 8.25 टक्क्यांनी चार वर्षांत पावणेपंचवीस लाख होतात. तीच तुमची म्हातारपणाची पुंजी.

मग टाइप रेटिंग? विमान कंपन्यांनी 200 तासांच्या मुलांना थेट घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. आपल्या नियमांत ते बसतं. अमेरिकेत 2013 पासून साधारणपणे 1,500 तास लागतात. पण रेटिंगचा खर्च कंपनीनं करावा आणि बदल्यात बाँड, म्हणजे ठरावीक वर्षं नोकरी न सोडण्याचा करार, घ्यावा. सध्या तो भार आई-बापांवर टाकला जातो, हे मला पटत नाही.

"वैमानिकांचा तुटवडा आहे" हे वाक्य अर्धं खरं आहे. वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम कडक झाल्यावर डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, हे खरं. पण अशा वेळी कॅप्टन आणि प्रवासी उड्डाणांसाठी आधीच तयार असलेले सहवैमानिक लागतात. नव्या मुलाला सिम्युलेटर, मग प्रत्यक्ष विमानावर टेकऑफ-लँडिंग, मग प्रशिक्षक कॅप्टनच्या देखरेखीखाली प्रवासी उड्डाणं करावी लागतात. प्रशिक्षक मोजकेच, म्हणून रांग लागते. जेट एअरवेज एप्रिल 2019 मध्ये आणि गो फर्स्ट ही विमान कंपनी मे 2023 मध्ये थांबली, तेव्हा हजारो तासांचे वैमानिक याच रांगेत पुढे येऊन उभे राहिले.

रेटिंग एकाच प्रकारच्या विमानाचं असतं. आपल्या उजळाईवाडीला उतरणाऱ्या स्टार एअरच्या एम्ब्रेअरला किंवा इंडिगोच्या एटीआरला ए320 चं रेटिंग चालत नाही. आणि ते वापराविना पडलं की सिम्युलेटर चाचणी पुन्हा, पैसे पुन्हा. एजंटनं तुमच्या कोपराला गूळ लावलाय.

पैसे फक्त एका अटीवर: कंपनीची परीक्षा, सिम्युलेटर तपासणी आणि मुलाखत पार करून निवडीचं लेखी पत्र हातात हवं. त्यात विमानाचा प्रकार, बॅचचा महिना आणि बाँडची रक्कम असावी. बॅच पुढे ढकलली तर फीचं काय, हेही लिहून घ्या. पत्र आलं तर कर्ज मुलाच्या नावे काढा आणि पैसे थेट प्रशिक्षण केंद्राला टप्प्यांनी द्या, एजंटच्या खात्यात नाही.

तोवर मुलाचं मेडिकल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न दिसता उपकरणांच्या आधारे उडण्याची परवानगी) दरवर्षी चालू राहिलं पाहिजे. त्यासाठी वर्षाला दोन-अडीच लाख धरा. तीन-चार हजारांची तूट आणि हा खर्च मुलानं कमवावा: बारामतीसारख्या ठिकाणी प्रशिक्षण केंद्रात ग्राउंडचे, म्हणजे वर्गातले विषय शिकवून, विमानतळावर ऑपरेशन्समध्ये, किंवा तास पुरेसे असतील तर सहायक प्रशिक्षक होऊन. त्यात तासही वाढतात. बँकेला मुदतवाढीचा अर्ज याच महिन्यात द्या. हप्ता एकदा चुकला की मुलाच्या नावावर पुढचं कर्ज मिळणं अवघड होईल.