हलगी आण, शिट्टी घरी ठेव

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

गेल्या रविवारी फुटबॉलचा सामना सुटल्यावर शाहू स्टेडियमच्या दारात तू मला विचारलेस, "काका, आम्ही पोरं येऊन बसलो की तुम्ही उठून पलीकडच्या टोकाला का जाता?" तेव्हा गर्दीत मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली, पण तुझा प्रश्न खरा होता आणि त्याचे उत्तर तुला मिळायला हवे. यंदा आपल्या तालमीच्या समर्थकांची जबाबदारी तुझ्यावर आली आहे आणि वीस-पंचवीस पोरे तुझ्या शब्दावर उठतात-बसतात, म्हणून हे पत्र सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज दूर करतो. तुमच्या आवाजाचा मला कधीच त्रास झाला नाही. दुपारी चारच्या सामन्याला पेठेतून निशाण घेऊन निघणे, हलगीच्या ठेक्यावर पायऱ्या चढणे, आपला संघ मैदानात उतरताच अंगावर काटा यावा असा जल्लोष करणे, यासाठीच तर मी इतकी वर्षे येतो आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, तालमी वाढल्या आणि पुढे त्याच तालमींच्या नावांनी फुटबॉल संघ उभे राहिले. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार ही नावे उच्चारली की कोल्हापूरकराच्या डोळ्यांसमोर आधी पेठ येते आणि मग संघ येतो. अशा गावात ईर्ष्या असणारच, आणि ती असावी असे मला मनापासून वाटते.

मला उठून जायला लावते ती पहिली गोष्ट म्हणजे शिट्टी. तुमच्यातला एकजण खिशात शिट्टी घेऊन येतो. काही हंगामांपूर्वी मी जे डोळ्यांनी पाहिले ते तुला सांगतो. एका तालमीचा विशीतला मुलगा डाव्या बगलेवरून चेंडू घेऊन आत शिरला, शेवटचा बचावपटू मागे पडला, समोर फक्त गोलरक्षक उरला आणि त्याच क्षणी गॅलरीतून कर्कश शिट्टी वाजली. मुलाला वाटले पंचांनीच वाजवली. त्याचा पाय अर्धे पाऊल अडखळला, त्याने मान वळवून पंचांकडे पाहिले, बचावपटूंनीही हात खाली सोडले. पंचांनी खेळ थांबवला, कारण बाहेरच्या शिट्टीमुळे खेळात व्यत्यय आला असे त्यांना वाटले तर त्यांनी खेळ थांबवून ड्रॉप बॉलने, म्हणजे स्वतः चेंडू खाली टाकून, पुन्हा सुरू करावा, असाच नियम आहे. आणि चेंडू त्या वेळी गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्रात असेल, तर तो ड्रॉप बॉल बचाव करणाऱ्या संघाच्या गोलरक्षकालाच दिला जातो. होणारा गोल गेला आणि चेंडूही प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेला. शिट्टी वाजवणारा त्या मुलाच्याच पेठेतला होता, त्याने ती नुसती आनंदाच्या भरात वाजवली होती. कडेला उभा राहून त्या खेळाडूने वर गॅलरीकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मला अजून आठवते.

दुसरी गोष्ट पंचांची. आपल्या पायऱ्यांवर दर पाच मिनिटांनी "ऑफसाईड, ऑफसाईड" असा, म्हणजे चेंडू घेणारा बचावपटूंच्या पुढे गोलजवळ आधीच उभा होता असा, गिल्ला होतो आणि त्यातला बराचसा चुकीचा असतो. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नर यांवरून थेट मिळालेल्या चेंडूवर ऑफसाईड होत नाही. स्वतःच्या अर्ध्या मैदानात उभा असलेला खेळाडू ऑफसाईड ठरत नाही. सहकाऱ्याने चेंडू मारला त्या क्षणी कोण कुठे होता हे पाहायचे असते, चेंडू पोहोचला तेव्हा कोण कुठे होता हे नव्हे. आणि शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत असलेला खेळाडू 1990 पासून ऑनसाईडच मानला जातो. लाईनमन त्या रेषेत धावत असतो, आपण तिरके बसलेलो असतो, तरी आपण त्याला आंधळा म्हणतो. पंच दोन्ही हात पुढे करून खेळ चालू ठेवायला सांगतात तेव्हा ते फाऊलकडे दुर्लक्ष करत नसतात, ज्याच्यावर फाऊल झाला त्याच्याच संघाला चेंडूचा फायदा देत असतात, आणि नेमके तेव्हाच आपल्याकडून त्यांच्या आईचा उद्धार होतो. आपले पंच याच गावात राहतात, त्यांतले कितीतरी पूर्वी इथेच खेळले आहेत, आणि उद्या सकाळी भाजी मंडईत तू त्यांना नमस्कार करणार आहेस. निर्णय चुकला असे वाटले तर जरूर ओरड, पण आधी नियम वाच आणि आई-बहिणीला त्यात आणू नकोस. इथे मी कोणतीही सवलत देणार नाही.

चेंडू गॅलरीत आला की आपण आघाडीवर असल्यास तो पायाखाली दाबून ठेवायचा, हेही तुमच्यातले काहीजण मोठ्या अभिमानाने करतात. वाया गेलेला वेळ पंच शेवटी जोडतात, तेव्हा त्यातून मिळत काहीच नाही, फक्त खेळाची लय तुटते. कॉर्नरच्या वेळी मोबाईल उंच धरून उभे राहणाऱ्यांविषयी एवढेच सांगतो की मागच्या पायरीवरच्या माणसानेही तिकीट काढलेले असते.

आता जे लिहिताना मला जड जाते ते लिहितो. एका अटीतटीच्या सामन्यात निकाल टायब्रेकरवर, म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्टी फटक्यांवर, गेला. आपल्याच पेठेचा एक मुलगा, जेमतेम एकोणीस वर्षांचा, 11 मीटरवरून मारायला आला आणि त्याचा फटका गोलपोस्टला लागून बाहेर गेला. माझ्या मागून त्याला ज्या शिव्या पडल्या, त्या प्रतिस्पर्धी पेठेच्या नव्हत्या. माझ्यापुढे दोन पायऱ्या खाली त्याचे वडील बसले होते. त्यांच्या मांडीवर मुलाची बॅग होती, तिच्या चेनवर त्यांचा हात होता. ते मागे वळले नाहीत. ती चेन ते उघडत राहिले आणि बंद करत राहिले. गर्दी पांगल्यावरही ते बराच वेळ तिथेच होते आणि मलाही त्यांच्याशी काय बोलावे ते सुचले नाही. कोल्हापुरात खेळाडू हा कुणाचा तरी शेजारी असतो, त्याचा मामा, चुलता, धाकटा भाऊ याच पायऱ्यांवर असतो. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 मध्ये 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पुढे तसा कुणी व्हायचा असेल, तर त्याला चुकण्याची मुभा सर्वांत आधी आपल्या पेठेने दिली पाहिजे.

आपल्या संघांकडून आफ्रिकेतले खेळाडूही खेळून गेले आहेत. त्यांच्या रंगावरून होणारी टिंगल मी ऐकली आहे, आणि ती ऐकून हसणारे लोकही पाहिले आहेत. तुझ्या गटात असे कुणी बोलला तर त्याला तिथल्या तिथे खाली बसव, सामना संपायची वाट पाहू नकोस.

बाटल्या आणि दगड यांबद्दल मी रागाने नाही, भीतीने लिहितो. 16 ऑगस्ट 1980 रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात मैदानावरच्या धसमुसळेपणातून प्रेक्षकांत हाणामारी पेटली, चेंगराचेंगरी झाली आणि 16 माणसे गेली. ती घरून सामना पाहायला निघालेली, तुझ्यामाझ्यासारखीच माणसे होती. एक बाटली भिरकावली गेली की खालच्या पायरीवरचा माणूस मागे सरकतो, त्याच्या मागे लहान मूल असते, आणि दाराकडे पळणाऱ्या गर्दीला कुणी थांबवू शकत नाही. प्रेक्षकांच्या हुल्लडबाजीमुळे सामना थांबणे आपल्या मैदानालाही नवीन नाही. सामना थांबला की खेळाडूंची महिनोन्महिन्यांची तयारी त्या दिवसापुरती मातीत जाते.

आणि आपल्याकडे काय आहे याची जाणीव ठेव. 1 जून 2018 रोजी मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारताने चिनी तैपेईला 5-0 असे हरवले, तेव्हा तिथे 2,569 प्रेक्षक होते. दुसऱ्या दिवशी कर्णधार सुनील छेत्रीला हात जोडून लोकांना मैदानावर येण्याची विनंती करावी लागली, आणि 4 जूनला केनियाविरुद्ध, त्याच्या शंभराव्या सामन्याला, भर पावसात मैदान भरले. आपल्या तालमींना असे हात कधी जोडावे लागले नाहीत. इथे लोक भडंगाच्या पुड्या घेऊन भर उन्हात जागा धरून बसतात. पण माझ्याबरोबर बसणारे दोन जुने शौकीन आता घरीच थांबतात, आणि आपल्या गल्लीतल्या ज्या मुलीला संघातील प्रत्येक खेळाडूची जागा तोंडपाठ आहे, तिला घरचे पाठवत नाहीत. कारण विचारलेस तर ते पायऱ्यांवरच्या भाषेचेच कारण सांगतात.

तेव्हा रविवारी असे कर. पोरे निघण्याआधी तालमीत सर्वांना एकत्र बसव, ती शिट्टी काढून घे, बाटल्या बाहेरच ठेवायला लाव, आणि हलगी ज्याला खरोखर वाजवता येते त्याच्याच हाती दे. आपला मुलगा चुकला की पहिली टाळी तू वाजव, बाकीचे तुझे पाहून वाजवतील. त्या मुलीच्या वडिलांशी मी बोललो आहे, ते तिला घेऊन येतो म्हणाले आहेत. मी नेहमीच्या जागेवर असेन आणि तुमच्यासाठी मागच्या दोन पायऱ्या धरून ठेवीन.

तुझा,
काका