मुलगी हळवी आहे, म्हणून नर्सिंग नको?

नमस्कार,

मुलीला नर्सिंगला जायचंय, गुण ७४ टक्के आहेत, आणि तुम्ही लिहिता, 'ती फार हळवी आहे, साथ आली की कोलमडेल. त्यापेक्षा लॅब टेक्निशियन बरं, पेशंटशी संबंध नाही.' गुणांची चिंता सोडा, प्रवेश परीक्षेचा अभ्यास ती करेल. मला खटकलं ते तुमचं पुढचं वाक्य: 'मी तिला सांगून ठेवलंय, पुन्हा कोरोनासारखं काही आलं तर ड्यूटीवरून घरी यायचं नाही.'

तुम्ही भीतीपोटी बोललात, हे कळतं. पण साथीत आरोग्य कर्मचाऱ्यांच्या जिव्हारी लागतं ते नेमकं हेच. २००३ च्या सार्सच्या साथीत दिसलं, कोरोनातही दिसलं: शेजारी टाळतात, घरमालक खोली सोडायला सांगतो, मुलांना कुणी खेळायला घेत नाही. वॉर्डात दिवसभर मृत्यू पाहिलेल्या माणसाला घराचंही दार बंद असेल, तर त्याने बोलायचं कुणाशी? लागणीची भीती खरी आहे, पण तिला उपाय आहे. वेगळी खोली, आल्याआल्या अंघोळ, कपडे लगेच धुवायला, घरात काही दिवस मास्क. हे तिला आजच सांगा आणि ते वाक्य मागे घ्या.

आता हळवेपणाबद्दल. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटची, म्हणजे कामाच्या ताणाने पार थकून कोलमडण्याची, व्याख्या केली, तीही आजार म्हणून नव्हे. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही की येणारी अवस्था म्हणून. साथीत हा ताण कुठून येतो पाहा. पीपीई किट चढवलं की पाणी नाही, बाथरूम नाही. गॉगलवर वाफ धरते, दोन-दोन हातमोज्यांतून शीर सापडत नाही. मोठा धोका असतो किट काढताना, कारण बाहेरची बाजू दूषित आणि माणूस थकलेला. समोर उभं राहून एकेक पायरी सांगणारा जोडीदार नसेल, तर हात नकळत चेहऱ्याकडे जातो. आयसीयूत एका नर्सकडे एक-दोन गंभीर पेशंट असावेत, तिथे चार-पाच येतात. दुसऱ्या वॉर्डातल्या नर्सला जुजबी शिकवून व्हेंटिलेटरपाशी उभं करतात. सूचना रोज बदलतात. नातेवाइकांना आत प्रवेश नाही, म्हणून पेशंटसमोर फोन धरून शेवटची भेट तिनेच घडवायची. यात कणखर माणसंही मोडतात.

आणि लॅब निवांत असते, हे कुणी सांगितलं? साथीत नमुन्यांचे ढीग तिथेच येतात, रिपोर्टसाठी फोन तिथेच खणखणतात, स्वॅब घ्यायलाही अनेकदा टेक्निशियनच जातो. आवड असेल तर जरूर करावं, पळवाट म्हणून नको.

नोकरी घेताना मात्र तिने स्पष्ट विचारावं. एन९५ ची फिट टेस्ट प्रत्येकाची करता का? एकच मास्क सगळ्यांच्या चेहऱ्याला बसत नाही, आणि कडेने हवा शिरत असेल तर हवं तेवढं संरक्षण मिळत नाही. किट घालून करायची ड्यूटी किती तासांची, मध्ये सुट्टी कधी? वॉर्ड बदलण्याआधी प्रशिक्षण किती दिवस? लागण झाली तर रजा पगारी की बिनपगारी? उत्तरं गुळमुळीत आली, तर दुसरीकडे अर्ज करावा.