सचिवपद घेऊ का?

प्रश्न : मॅडम, मी एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयात सहायक ग्रंथपाल आहे. नोकरीला 9 वर्षं झाली. आमच्या ग्रंथपाल संघटनेने सचिवपदासाठी माझं नाव सुचवलंय. मानधन नाही, बैठकांना स्वतःच्या रजा जाणार. अधिष्ठाता विचारतात, "यात कॉलेजचा काय फायदा?" मला उत्तर देता आलं नाही. काय करू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : पद घ्या. अधिष्ठात्यांना काय सांगायचं, तेही सांगते.

कॉलेजात प्रत्येक विषयाला चार-सहा शिक्षक असतात. अडलं की शेजारच्या टेबलावर विचारता येतं. ग्रंथपालाला तशी सोय नसते. माझ्या 31 वर्षांच्या नोकरीतली पहिली 12 अशीच गेली. एजंटने जर्नलच्या वर्गणीचं कोटेशन आणायचं, मी सही करून पुढे पाठवायचं. दर जास्त वाटायचा, पण कुणाच्या जोरावर बोलणार? मग संघटनेची खजिनदार झाले. 11 कॉलेजांचे ग्रंथपाल ओळखीचे झाले, त्याच जर्नलला कोण किती मोजतं ते समजलं. पुढच्या खरेदी समितीत मी आकडे घेऊनच बसले आणि एजंटला दर उतरवावा लागला. वाचलेल्या पैशांतून बालरोग विभागाला हवं असलेलं जर्नल सुरू झालं. हे अधिष्ठात्यांना नक्की सांगा.

दुसरी आठवण रात्रीची आहे. मण्यार चावलेला रुग्ण व्हेंटिलेटरवर होता. निवासी डॉक्टरला एक जुना लेख हवा होता आणि तो अंक आमच्याकडे नव्हता. मी दुसऱ्या शहरातल्या एका ग्रंथपालबाईंना घरी फोन केला. बैठकांमधूनच आमची ओळख झाली होती. त्यांनी ग्रंथालय उघडायला लावलं आणि तासाभरात पानं फॅक्सवर आली. अनोळखी माणसाला इतक्या रात्री मी फोन केला नसता.

एकमेकांच्या कपाटांवर असा हक्क सांगता यावा, यासाठीच तर अशा संघटना निघाल्या. 1898 मध्ये फिलाडेल्फियात चार ग्रंथपाल आणि चार डॉक्टर एकत्र आले. त्यांची संघटना म्हणजेच आजची अमेरिकेतली मेडिकल लायब्ररी असोसिएशन. एका ग्रंथालयातले जादा अंक दुसऱ्याला पोचवणं हे तिचं सुरुवातीचं मोठं काम. बाल्टिमोरच्या ग्रंथपाल मार्सिया नॉइज यांनी या देवघेवीचं ओझं बराच काळ वाहिलं. आधी अध्यक्षपद डॉक्टरांकडेच जायचं. 1933 मध्ये ते नॉइजबाईंकडे आलं. डॉक्टर नसलेल्या त्या पहिल्या अध्यक्ष. मला त्यांच्याविषयी फार आदर आहे.

तुमच्यासारख्या खासगी कॉलेजांना तर आज एकत्र बोलण्याची फारच गरज आहे. 2025 च्या जानेवारीपासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही संस्थांना जर्नल्स वाचायला मिळावीत यासाठीची केंद्र सरकारची योजना सुरू झाली. 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 जर्नल्स त्यात आहेत, पण पहिल्या टप्प्यात ती सरकारी संस्थांनाच. बाहेर राहिलेल्यांनी एकेकट्याने पत्रं लिहिली तर ती फायलीत जातील. संघटनेच्या सचिवाच्या पत्राला निदान उत्तर तरी मागता येतं.

होकार कळवण्याआधी मागच्या दोन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब मागवा आणि स्वतः वाचा. वार्षिक परिषदेचे दिवस कर्तव्यरजा म्हणून मिळावेत असा अर्ज अधिष्ठात्यांकडे आताच द्या. तोंडी होकारावर थांबू नका, लेखी मंजुरी घ्या.