पुण्यात कूपनं वापरून किराण्यावर खरंच पैसे वाचतात का?

तुमचा प्रश्न असा आहे: यूट्यूबवर अमेरिकेतल्या बायका फाइलभर कूपनं घेऊन दुकानात जातात आणि ट्रॉली भरून सामान जवळजवळ फुकटात आणतात. वारज्यात दोघांचाच संसार आहे, तर पुण्यात असं काही जमेल का?

तसं नाही जमणार. तिकडे साबणाची कंपनी आपलं कूपन काढते, दुकान आपलं वेगळं काढतं, आणि बऱ्याच ठिकाणी दोन्ही एकाच वस्तूवर चालतात. कंपनीच्या कूपनाचे पैसे दुकानदाराला कंपनीकडून परत मिळतात, म्हणून तोही कुरकुरत नाही. आपल्याकडे कूपन म्हणजे अ‍ॅपवरचा एक कोड, तोही बहुधा एका ऑर्डरला एकच. फार तर वर एखाद्या कार्डाची सूट बसते.

पण थोडंफार वाचतं. मी कर्वेनगरला राहते, घरात पाच माणसं, आणि ही कोडांची भानगड चारेक वर्षं करतेय. पहिल्या वर्षी तर मी चक्क तोट्यात होते.

झालं काय, एकदा अ‍ॅपवर सामान भरलं, बिल झालं ६१२ रुपये. खाली पट्टी आली: ७९९ च्या वर ७५ रुपये सूट. आता १८७ रुपयांचंच तर घ्यायचंय! घेतला १९५ रुपयांचा किनोआ. बिल ८०७, वजा ७५, म्हणजे ७३२. 'तुम्ही ७५ रुपये वाचवले' असं हिरव्या अक्षरांत आलं आणि मीही खूश. सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "मग आधीपेक्षा १२० रुपये जास्त का गेले?" किनोआ कोणी खाल्ला नाही. पोरकिडे झाल्यावर टाकून दिला.

तेव्हापासून यादी आधी कागदावर आणि अ‍ॅप नंतर. किमान खरेदीचा आकडा गाठायला काही कमी पडत असेल तर पुढच्या महिन्यात लागणारंच घ्यायचं: भांड्यांचा साबण, चहा, टूथपेस्ट. तेही नको असेल तर कूपन सोडून द्यायचं. डिलिव्हरी आणि हाताळणीचे पैसे धरूनच हिशोब करा, छोट्या ऑर्डरला कूपनाची निम्मी सूट त्यातच जाते.

दुसरं म्हणजे किती टक्के सूट आहे ते बघूच नका. टक्के एमआरपीवर असतात, आणि बराच माल एमआरपीला विकलाच जात नाही. डाळीच्या पाकिटावर २३५ छापायचे आणि १७५ ला विकायचं, की झाली २५ टक्के सूट. आमच्या कोपऱ्यावरचा वाणी तीच डाळ सुटी १६० ला देतो आणि त्याला सूट बिट काही म्हणत नाही.

म्हणून मी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. त्यावर वीसेक वस्तू आणि प्रत्येकीसमोर मला आजवर मिळालेला सगळ्यात कमी भाव, किलोमागे किंवा लिटरमागे. कुठे मिळाला, कोणत्या महिन्यात, तेही पेन्सिलीने. तेलाच्या ओळीवर इतकं खोडलंय की कागद फाटायला आलाय. कूपन लावल्यावर भाव त्या आकड्याच्या आसपास आला तरच घ्यायचं.

भागाकार मात्र स्वतः करा. पाकिटावर हल्ली ग्रॅममागे किंवा किलोमागे किंमत छापलेली असते, बारीक अक्षरांत. पण ती एमआरपीवरून काढलेली, सूट धरून नाही. आणि मोठं पाकीट नेहमीच स्वस्त हा भ्रम आहे. मागच्याच आठवड्यात एक किलोची धुण्याची पावडर १४० ला होती आणि अर्ध्या किलोची कूपन लावून ६४ ला. दोन छोटी घेतली, १२ रुपये वाचले. (नवरा म्हणतो बारा रुपयांसाठी एवढा खटाटोप. म्हणू दे.)

कूपनं खरी कामाची कंपनीच्या, टिकणाऱ्या मालाला: साबण, शाम्पू, तेल, चहा, सॅनिटरी पॅड. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, म्हणून कागदावरचे त्याआधीचे भाव मी सरळ खोडले. जुन्या भावाशी तुलना केली तर साधी किंमतही कूपनासारखी वाटते.

भाजीला कूपन नको. कोथिंबीर बघून, वास घेऊन घ्यायची गोष्ट आहे. त्यासाठी मंडई किंवा शेतकऱ्यांचा आठवडे बाजार.

तुमच्यापैकी कोणाला ऑफिसातून जेवणाचं कार्ड मिळतं का? अनेक ठिकाणी ते किराण्यालाही चालतं. पूर्वी कागदी कूपनांची पुस्तिका मिळायची तेव्हा दुकानदार सुटे देत नसत, उरलेल्या रकमेची चॉकलेटं हातावर ठेवत. माझ्या मुलाचं बालपण त्यावरच गेलंय. आता कार्डातून नेमके पैसे जातात. फक्त शिल्लक किती दिवस टिकते ते एकदा एचआरला विचारा.

आणि कोड देतो म्हणून कोणी ओटीपी मागितला, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर ५०० च्या फुकट कूपनाची लिंक आली, तर तिथेच थांबा.

एवढं सगळं करून आमच्या पाच जणांच्या घरात महिन्याला सहाशे-सातशे वाचतात. तुमचे दोघांचे अडीच-तीनशे धरा. याहून जास्त हवे असतील तर गहू-तांदळाकडे बघा, तिथे कोड लागत नाही. गहू एप्रिल-मेमध्ये, इंद्रायणी दिवाळीनंतर नवा आला की, मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून. पण वारज्याहून दोघांच्या दहा किलोंसाठी रिक्षा करून जाऊ नका, भाड्यातच सगळं जाईल. सोसायटीतली तीन-चार घरं गाठा, एकाची गाडी घ्या आणि पोती आणून घरी वाटून घ्या. वजनकाटा नसेल तर पिठाचा गिरणीवाला वजन करून देतो.