वडिलांच्या युद्धसेवेबद्दल कृतज्ञता कशी व्यक्त करावी

१६ डिसेंबरला, विजय दिवसाच्या निमित्ताने, १९७१ च्या युद्धात लढलेल्या आपल्या वडिलांचा हॉल घेऊन सत्कार करण्याचा, आपण मला कळवलेला बेत मी समजू शकतो. माझ्या वडिलांसाठी मीही तेच केले होते आणि शाल अंगावर पडताच ते अवघडून गप्प झाले होते. १९७१ च्या लढाईत ज्यांनी सोबती गमावले, त्यांना टाळ्या बोचतात, हे मला पुष्कळ उशिरा उमगले.

त्यापेक्षा सकाळची पेज झाल्यावर, ते सोप्यावर निवांत बसलेले असताना, त्यांची पत्र्याची ट्रंक त्यांच्याच परवानगीने उघडावी. त्या युद्धाच्या पदकांपैकी ‘पूर्वी स्टार’ पूर्व आघाडीचा आणि ‘पश्चिमी स्टार’ पश्चिम आघाडीचा, एवढे आधी माहीत करून घ्यावे, म्हणजे पदक हाती येताच नेमका प्रश्न विचारता येतो. माझ्या वडिलांनी पदकाची विटलेली फीत अंगठ्याने सरळ केली आणि लढाईऐवजी लंगरातल्या (लष्करी स्वयंपाकघरातल्या) चहाविषयीच अर्धा तास सांगितले. मध्ये बोलू नये. (मोबाईलवर चित्रण तर मुळीच नको.) शेवटी, ‘बाबा, तुम्ही तिकडे होता म्हणून आम्ही इथे निर्धास्त होतो,’ एवढेच म्हणावे आणि पदके पुन्हा त्यांच्याच हातांनी ठेवू द्यावीत.