रात्री तीनला जाग येते, मग डॉक्टर कोणता?

प्रश्न थोडक्यात असा: ऐरोलीत राहणारे बाबा, वय ६६. चार वर्षं रात्री झोपेसाठी अल्प्राझोलाम ०.५ मिलिग्रॅमची गोळी चालू आहे, तरी तीन वाजता जाग येते. न्यूरोलॉजिस्ट की मानसोपचारतज्ज्ञ? स्लीप स्टडी (रात्रभर झोपेची तपासणी) करावी का? आणि शेवटी एक वाक्य, ‘फॅमिली डॉक्टर काय, गोळीच लिहून देणार.’

त्या शेवटच्या वाक्यासाठी हे उत्तर लिहितोय. मी ठाण्यात जनरल प्रॅक्टिस करतो. आमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे बोलणं ओढवून घेतलंय, हे मान्य. पण निद्रानाश ओळखणं आणि बरा करणं हे फॅमिली डॉक्टरचंच काम आहे. त्यासाठी लागते ती दोन आठवडे भरलेली वही.

एक केस सविस्तर सांगतो, ओळख पटेल असे तपशील बदललेत. लोकमान्य नगरमधलं वन रूम किचन, माणसं पाच. बाई ६१ वर्षांच्या, त्याही चार वर्षं याच गोळीवर. तक्रार, ‘रात्रभर डोळा लागत नाही.’ वहीत रोज सकाळी लिहायचं होतं: अंग कधी टाकलं, डोळा कधी लागला, मध्ये किती वेळ जाग होती, उठल्या कधी, दुपारची डुलकी किती, चहा आणि गोळ्या किती वाजता. सगळं अंदाजाने, कारण रात्री घड्याळ बघत बसलं की झोप आणखी पळते.

वहीतून दोन गोष्टी निघाल्या. अंथरुणात साडेनऊ ते साडेपाच, म्हणजे आठ तास, आणि त्यात झोप सरासरी पाच तास. हे ६२ टक्के झाले, ८५ च्या वर हवेत. दुसरं, रात्री तीनदा लघवीला उठणं. ब्लडप्रेशरची गोळी त्या जेवणानंतर घेत होत्या आणि तिच्यात हायड्रोक्लोरोथायाझाइड होतं, लघवी वाढवणारं. ती सकाळी घ्यायला लावली, तीनदाचं एकदा झालं. पेशंटची औषधांची पिशवी टेबलावर रिकामी केल्याशिवाय हे सापडत नाही. दम्याचं डेरिफायलिन, संध्याकाळी घेतलेलं प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन, सगळी झोप मोडणारी.

मग मुख्य उपचार. पाच तास झोपणाऱ्याला अंथरुणात साडेपाच तासच द्यायचे, त्याहून कमी कधीच नाही. पाणी पहाटे येतं म्हणून उठायची वेळ साडेपाच ठरलेली, रविवारीसुद्धा. म्हणजे आडवं व्हायचं रात्री बाराला. घरातले दहाला दिवे घालवतात, तेव्हा बारापर्यंत काय करायचं, हे डॉक्टरने सांगितलं नाही तर पेशंट दुसऱ्याच दिवशी सोडून देतो. या बाई गॅलरीच्या उजेडात दुसऱ्या दिवशीची मेथी निवडत बसायच्या. संध्याकाळी दिवाणावर आडवं पडून मालिका बघणं बंद, खुर्चीत बसून बघायची. वीसेक मिनिटं झोप आली नाही तर उठायचं, आणि दुसरी खोली नसल्याने ओट्याशेजारी प्लास्टिकची खुर्ची, झिरोचा बल्ब, हातात जपाची माळ. पेंग आली की परत अंथरुणात.

पहिले चार-पाच दिवस वाईट जातात. डोळे जड, चिडचिड, आणि सुनेचा फोन की आईंना जास्तच त्रास होतोय. बहुतेक जण इथेच सोडतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवायचं. झोपेच्या टक्क्यांची आठवड्याची सरासरी ८५ च्या वर गेली की पंधरा मिनिटं वाढवायची, ८० च्या खाली गेली तर तेवढीच कमी करायची. मध्ये एक आठवडा गाडी अडली, पण सातव्या आठवड्यात त्या पावणेअकराला आडव्या होत होत्या आणि सहा तास झोपत होत्या.

गोळीला हात लावला तो त्यानंतर. ०.५ वरून ०.३७५ (०.२५ ची एक आणि अर्धी), मग ०.२५, मग ०.१२५. प्रत्येक पायरीला निदान दोन आठवडे, शेवटच्या पायरीला महिना, कारण अडखळतात ते तिथेच. त्रास झाला तर त्याच पायरीवर थांबायचं.

आमच्याच व्यवसायातली मंडळी म्हणतात, एवढा वेळ कुणाकडे आहे, हे इंग्रजी मानसशास्त्र आपल्या पेशंटला झेपत नाही. वर केलं ते दहा-दहा मिनिटांच्या चार-पाच भेटींत झालं. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्येच सांगितलंय की जुनाट निद्रानाशाला आधी हे वर्तनोपचार, गोळीचा विचार नंतर. आणि चार वर्षं तीच चिठ्ठी रिपीट करण्याला मी उपचार म्हणत नाही. अल्प्राझोलाम २०१४ पासून शेड्यूल एच-वन या कडक नियमांच्या औषधांच्या यादीत आहे, केमिस्टला प्रत्येक विक्री रजिस्टरमध्ये नोंदवावी लागते. तरी मळकी चिठ्ठी दाखवून स्ट्रिप मिळते, यात आम्हा डॉक्टरांचाही दोष आहे.

आता तुमच्या बाबांचं. आठवड्यात निदान तीन रात्री, तीन महिन्यांहून जास्त, आणि दिवसा त्याचा त्रास, असं असेल तर हा जुनाट निद्रानाश. त्यासाठी स्लीप स्टडी लागत नाही. मोठ्याने घोरतात, झोपेत श्वास अडकतो, दिवसा बसल्या बसल्या पेंगतात, गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर आहे, तर मात्र करा, कारण श्वास अडकत असेल तर हीच गोळी घातक. रात्री पाय हलवल्याशिवाय चैन पडत नसेल तर रक्तातलं फेरिटिन (लोहाचा साठा) तपासा, ७५ च्या खाली असेल तर लोह देऊन फरक पडतो. पहाटेच्या जागेबरोबर मन उदास, कशातच रस नाही, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असतील, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ, वही नंतर.

हे आधीच लिहायला हवं होतं: अल्प्राझोलाम एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. कमी करणं डॉक्टरच्या देखरेखीखालीच. फिटचा आजार किंवा बायपोलर असेल, किंवा बाबा अजून गाडी चालवत असतील, तर अंथरुणातले तास स्वतःहून कमी करू नका. तोल जात असेल तर रात्री उठून बसण्याचा नियमही सोडून द्या, पडून खुबा मोडण्यापेक्षा जागं पडून राहिलेलं परवडलं.

वही आजच सुरू करा, आणि दोन आठवड्यांनी ती आणि गोळ्यांची सगळी पिशवी घेऊन तुमच्या फॅमिली डॉक्टरकडे जा. वही न बघताच चिठ्ठी लिहायला घेतली, तर डॉक्टर बदला.